आधी परतीची वाट, मग लिनक्स

घरातले फोटो, कागदपत्रं आणि व्हिडिओ एका जागी ठेवण्यासाठी राउटरला जोडलेला हार्ड डिस्कचा छोटा डबा आता बऱ्याच घरांत दिसतो. त्याला नॅस म्हणतात. कंपनीने त्याचे अपडेट बंद केले म्हणून तो टाकून द्यायची गरज नसते. त्यावर आपलं स्वतःचं लिनक्स घालता येतं आणि डबा पुढे कित्येक वर्षं काम देतो. म्हसळ्यातल्या आमच्या घरी असा डबा आज व्यवस्थित चालू आहे. पण मधे एकदा तो पुरता मुका झाला होता. त्यातून जे कळलं ते हे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असावं, म्हणून हे लिहितो आहे.

डब्याची गरज पडली ती वादळामुळे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात घरांची छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. छप्पर गेलेल्या घरांत कपाटातल्या कागदांचा लगदा झाला. सातबारा पुन्हा काढता येतो. आजोबांच्या हातचं वाटणीपत्र आणि आजीच्या लग्नातले फोटो पुन्हा मिळत नाहीत. त्यानंतर आम्ही नात्यातल्या घरांचे कागद गोळा करून स्कॅन करायला घेतले. सगळं इंटरनेटवर चढवायचं तर आमच्याकडचा अपलोडचा वेग पुरेना. म्हणून साठवण घरातच करायची ठरली आणि मुंबईच्या एका नातेवाइकाकडे पडून असलेला, दोन डिस्क बसणारा जुना डबा गावी आला.

डबा धडधाकट होता, पण त्याचे अपडेट केव्हाच थांबले होते. असा डबा इंटरनेटला जोडून ठेवणं किती महाग पडतं हे जून 2021 मध्ये जगाने पाहिलं. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या डब्यांना 2015 नंतर अपडेट मिळाले नव्हते. त्यांच्यातल्या त्रुटी हेरून हल्लेखोरांनी दुरूनच फॅक्टरी रिसेट चालवला आणि जगभरातल्या लोकांची वर्षानुवर्षांची साठवण पुसली गेली. आमच्या कागदांवर ती वेळ यायला नको होती, म्हणून लिनक्स.

ही वाट नवी नाही. 2004 मध्ये लिंक्सिसने एनएसएलयू2 नावाचा एक लहानसा डबा बाजारात आणला. मेमरी अवघी 32 एमबी, फ्लॅश 8 एमबी. हौशी लोकांनी त्यावरही स्वतःचं लिनक्स चालवलं आणि 2007 मध्ये आलेल्या, डेबियन या लिनक्स वितरणाच्या चौथ्या आवृत्तीत त्याला अधिकृत आधार मिळाला. डेबियनच्या मार्टिन मिशलमायर यांनी या डब्यासाठी आणि पुढे क्यूनॅप कंपनीच्या डब्यांसाठी इन्स्टॉलर तयार केले, पायऱ्या लिहून ठेवल्या. पण अशा आधारालाही वय असतं. ऑगस्ट 2021 मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीने क्यूनॅपचे जुन्या एआरएम चिपचे डबे वगळले, कारण नव्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, त्यांचं हार्डवेअर अपुरं पडू लागलं. ऑगस्ट 2025 मधली तेरावी आवृत्ती ही आर्मेल या जुन्या एआरएम चिपच्या वर्गासाठी शेवटची, आणि तिच्यात या वर्गासाठी इन्स्टॉलरही नाही. तेव्हा झाकणावरचं कंपनीचं नाव पाहून भागत नाही. आत चिप कोणती, मेमरी किती, फ्लॅश किती आणि त्या चिपला आजचा कर्नल चालतो का, हे पहिलं शोधायचं. आमच्या डब्यात मार्व्हेलची कर्कवुड चिप आणि 256 एमबी मेमरी होती. फायली ठेवायला तेवढं पुरतं.

डबा मुका कसा झाला

या डब्यांत चालू होण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. फ्लॅशच्या सुरुवातीला यू-बूट नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. तो कर्नलला उठवतो आणि कर्नल डिस्कवरची बाकीची व्यवस्था उठवतो. नवा कर्नल फ्लॅशमध्ये लिहिला जात असतानाच लाइट गेली. डबा इन्व्हर्टरवर होता, तरीही बंद पडला. कारण नंतर कळलं. घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा एक बटण असतं, एका बाजूला साधा मोड आणि दुसऱ्या बाजूला यूपीएस मोड. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरी लागायला जो क्षणभराचा अवकाश लागतो, तो पंख्या-दिव्यांना कळतही नाही. अशा डब्याला बंद पाडायला तो पुरेसा होतो. कर्नल अर्धवट लिहिला गेला आणि डबा उठेना. दिवा नुसता लुकलुकत राहिला आणि राउटरच्या यादीत त्याचं नाव येईना.

या डब्यांना स्क्रीन नसते, कीबोर्ड नसतो. नेटवर्क उठलं नाही तर आत काय चाललं आहे ते बाहेर कळायला एकच मार्ग उरतो, सर्किट बोर्डवरच्या चार पिनांचा सिरियल पोर्ट. आमचं काम निभावलं ते दोन गोष्टींमुळे. फ्लॅशच्या सगळ्या भागांची प्रत सुरुवातीलाच लॅपटॉपवर काढून ठेवली होती आणि डिस्क बाहेर काढून बाजूला ठेवल्या होत्या. सिरियल केबल कुरिअरने येईपर्यंत थांबावं लागलं, पण कागदांच्या काळजीने झोप उडाली नाही. केबल जोडल्यावर दिसलं की यू-बूट शाबूत आहे. मग लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर चालवला, जुना कर्नल नेटवर्कवरून डब्याच्या मेमरीत आणला आणि त्यावर डबा उठवून फ्लॅश पुन्हा लिहिली. लाइट कर्नलऐवजी यू-बूट लिहिताना गेली असती तर ही वाटही बंद होती. म्हणून सांगतो, अगदी गरज असल्याशिवाय यू-बूटला हात लावू नका.

कामाचा क्रम

पहिली पायरी डेटाची. डिस्कवर जे आहे त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि त्या प्रतीतल्या फायली उघडून पाहा. दोन डिस्कची रेड 1 जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर ती वाचवते. चुकून पुसलेली फाइल ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसते. प्रत झाली की मूळ डिस्क काढून ठेवा आणि प्रयोग जुन्या, रिकाम्या डिस्कवर करा.

डिस्क थेट कम्प्युटरला जोडून वाचता येईलच असंही धरून चालू नका. काही डब्यांत, माय बुक लाइव्ह हा त्यांतलाच, एक्स्ट4 फाइल सिस्टिम 64 केबीच्या ब्लॉकने बनवलेली असते. साधा पीसी 4 केबीच्या हिशोबाने चालतो आणि बऱ्याच लिनक्स आवृत्त्या अशी डिस्क माउंट करायला नकार देतात. ही डिस्क खराब झालेली नसते. घाबरून तिला फॉरमॅट करू नका. डीबगएफएस किंवा फ्यूज-एक्स्ट2 यांनी फायली बाहेर काढता येतात.

दुसरी पायरी परतीच्या वाटेची. सिरियल अडॅप्टर आधी मागवा, काही शे रुपयांत मिळतो. तो 3.3 व्होल्टचाच हवा. 5 व्होल्टचा किंवा जुन्या कम्प्युटरच्या मागचा आरएस-232 पोर्ट थेट जोडला तर चिप जळू शकते. तीनच तारा जोडायच्या: ग्राउंडला ग्राउंड, आणि पाठवणारी व घेणारी तार एकमेकींना उलट. व्होल्टेजची चौथी तार मोकळी सोडायची. वेग बहुतेक डब्यांत 115200 असतो. एकदा लॅपटॉपच्या पडद्यावर यू-बूटची अक्षरं दिसली की त्याची सगळी सेटिंग लिहून घ्या आणि फ्लॅशच्या प्रत्येक भागाची प्रत काढा. मॅक पत्ता याच सेटिंगमध्ये असतो. तो हरवला तर राउटर डब्याला दर वेळी नवा समजून वेगळा आयपी देऊ शकतो.

तिसरी पायरी विजेची. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा किंवा डब्याला आणि राउटरला छोटा यूपीएस द्या. वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत, ढग गडगडत असताना, फ्लॅश लिहायला बसू नका. त्या दिवसांत वीज चमकू लागली की नेटवर्कची केबलही काढा, कारण उसळी प्लगमधून येते तशी त्या तारेतूनही येते. डब्याला वीज देणाऱ्या अडॅप्टरवरही लक्ष ठेवा. डिस्क फिरायला लागताना सर्वांत जास्त करंट ओढते आणि थकलेला अडॅप्टर नेमका तेव्हा बसतो. डबा सारखा रीस्टार्ट होत असेल तर लिनक्सला दोष देण्याआधी दुसरा अडॅप्टर लावून पाहा.

यानंतर इन्स्टॉल. डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम शा256समने ताडून पाहा. डबा स्क्रीनविना असल्यामुळे इन्स्टॉलर एसएसएचवरून चालतो. तो कोणत्या आयपीवर आहे ते राउटरच्या पानावर सापडतं.

चालू झाल्यावरची दुखणी

डबा उठला, पण अपडेट घेताना सर्टिफिकेट चुकीचं असल्याचा संदेश येतो. अशा वेळी आधी तारीख पाहा. आतल्या घड्याळाची बॅटरी संपलेली असेल तर डबा 1970 सालात जागा होतो आणि आजचं सर्टिफिकेट त्याला खोटं वाटतं. तारीख नीट केली की अडचण जाते. फेक-एचडब्ल्यूक्लॉक हे छोटं पॅकेज शेवटची माहीत असलेली वेळ जपून ठेवतं.

रीस्टार्टनंतर डबा नेटवर्कवर येतच नाही. याचं नेहमीचं कारण एफएसटॅब, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेली फाइल. तिथे नोंदवलेली एखादी यूएसबी डिस्क जोडलेली नसेल तर लिनक्स तिची वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये थांबतं, आणि स्क्रीन नसल्याने आपल्याला काहीच दिसत नाही. अशा प्रत्येक डिस्कच्या ओळीत नोफेल हा पर्याय लिहा. डिस्कची नोंदही तिच्या यूयूआयडीने करा, कारण एसडीए-एसडीबी ही नावं अदलाबदल होतात.

डिस्कची तब्येत स्मार्टसीटीएलने तपासत राहा. बदललेल्या सेक्टरांचा आकडा, म्हणजे क्रमांक 5, आणि अडकलेल्या सेक्टरांचा, म्हणजे क्रमांक 197, वाढू लागला तर डिस्क बदलायची वेळ आली. 199 वाढत असेल तर दोष बहुतेक केबलचा किंवा जोडणीचा असतो. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत कनेक्टर गंजतात. डबा भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवा आणि पावसाळ्याआधी एकदा सगळ्या जोडण्या काढून पुसून लावा.

शेवटी सुरक्षा. राउटरचं पोर्ट उघडून डबा थेट इंटरनेटवर ठेवू नका. बाहेरून हवा असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन वापरा. नेटवर्कवर फायली वाटून देणाऱ्या सांबामध्ये एसएमबी1 ही जुनी पद्धत बंद ठेवा. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम याच जुन्या पद्धतीतल्या त्रुटीतून जगभर पसरला. जुन्या टीव्हीला चालावं म्हणून ती उघडण्याचा मोह होतो, तो टाळा.

एवढं करूनही एक प्रत म्हसळ्याबाहेर हवीच. वादळ घर घेऊन जातं तेव्हा त्या घरातला डबा आणि त्याची प्रत दोन्ही घेऊन जातं. आमच्याकडे सणाला मुंबईहून माणसं येतात तेव्हा एक भरलेली डिस्क त्यांच्याबरोबर जाते आणि आधीची परत येते. ज्यांच्या घरात अशा ठेव्याची एकच प्रत आहे, त्यांनी लिनक्सचं काम थोडं मागे ठेवावं, पण दुसरी प्रत या पावसाळ्याआधी काढून दुसऱ्या गावी पोचवावी.