लॅपटॉप घ्यायला निघालीस ना, जरा ऐक

अगं, काल रात्री तू दाखवलास तो लॅपटॉप मोबाइलवर 41,990 ला दिसतो खरा, पण त्याखालची बारीक अक्षरं वाचलीस का? तो भाव एका बँकेच्या क्रेडिट कार्डावरचा आहे. आपल्या घरात कुणाकडे आहे ते कार्ड? बाबांचं एटीएम कार्ड त्यात चालत नाही. म्हणजे आपल्यासाठी भाव 44,990. पहिला आकडा विसर. आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’लाही भुलू नको. व्याजाएवढी सूट देतात, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि बहुतेकदा प्रोसेसिंग फी आपल्याच माथी.

आधी पूर्ण मॉडेल नंबर वहीत उतरव, शेवटच्या अक्षरांसकट. नाव तेच, रंग तोच, पण ती अक्षरं बदलली की रॅम 16 ऐवजी 8 निघते. मग त्र्यंबकमार्गे नाशिकला जा, एम. जी. रोडला दोन-तीन दुकानं फिर आणि सरळ विचार, “ऑनलाइन एवढ्याला मिळतोय, पक्क्या बिलासकट तुम्ही कितीला द्याल?” लाजतेस कसली? हरसूलच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून भांडतेस की! बॅग-माऊस फुकट देतो म्हणाले तर हसून घे, पण त्याला सूट समजू नको.

“बिल नको असेल तर अजून कमी करतो,” असं कुणी म्हटलं की तिथून ऊठ. मी उठले नव्हते. माझ्या पहिल्या लॅपटॉपचा खोका आधीच फोडलेला होता. “दाखवायला उघडला होता, ताई,” असं दुकानदार म्हणाला आणि मीही मान डोलावली. चार महिन्यांनी कीबोर्डची एक ओळच बंद पडली. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकला, तर वॉरंटी महिन्यापूर्वीच संपलेली! हातात नुसती कच्ची चिठ्ठी. दुरुस्तीचे 2,800 गेले, नाशिकच्या दोन खेपा झाल्या त्या वेगळ्या. म्हणून पैसे द्यायच्या आधी दुकानातच सीरियल नंबर टाकून वॉरंटी बघ. बिलावर तोच नंबर आहे ना, तेही तपास.

ऑनलाइनच घ्यायचा ठरला, तर आधी आपला पिन कोड टाक. नाशिकला येणारं सगळंच हरसूलला येत नाही. विकणारा कोण आहे ते वाच, आणि खोका उघडताना सलग व्हिडिओ काढ. पुष्कळ लॅपटॉपवर पैसे परत मिळत नाहीत, नुसता बदलून मिळतो, तोही मोजक्या दिवसांत. फसवलं गेलंच, तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

माझं म्हणशील, तर फरक दोन हजारांच्या आत असला तर दुकानातूनच घे. बिघडला तर निदान कुणाच्या दारात जाऊन उभं राहता येतं. जायचं ठरलं की आदल्या रात्री फोन कर, पहिल्या एसटीने मीही येते.