सूर्य आणि पृथ्वी : किती काळ लोटला, किती उरला?

पूजेच्या आरंभी यजमान जो संकल्प करतो, त्यात श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर आणि कलियुगाचा प्रथम चरण यांचा उच्चार होतो. एका कल्पाचे मान ४३२ कोटी वर्षांचे आहे. हातात पळीभर पाणी घेतलेल्या मनुष्याला एवढ्या अफाट काळाची जाणीव करून देणारा हा विधी आहे. आधुनिक विज्ञानाने सूर्य व पृथ्वी यांचा काळ स्वतंत्र मार्गाने शोधला आहे. त्याची थोडक्यात माहिती भाविकांसाठी येथे देत आहोत.

भूतकाळ

सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू व धूळ यांचा एक विराट मेघ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकुंचित होत गेला आणि त्याच्या मध्यभागी सूर्य प्रकट झाला. भोवती उरलेल्या द्रव्यातून ग्रह घडले. क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली अशनींमधील शिशाचे मोजमाप करून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले. आजही ते जवळपास तेवढेच मानले जाते. कल्पाचा आकडा याच्या जवळपासचा असला, तरी दोन्ही गणनांच्या पद्धती भिन्न आहेत. एकीने दुसरी सिद्ध होते, असे मानू नये.

किमान ३५० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर सूक्ष्म जीव होते. हवेत प्राणवायू साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. सह्याद्रीतील ज्या काळ्या पाषाणातून आपली अनेक मंदिरे घडली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. मनुष्यजात तर अवघी तीन लाख वर्षांची.

भविष्यकाळ

सूर्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते. या क्रियेत सूर्य अतिशय सावकाश प्रखर होत जातो. सुमारे १०० कोटी वर्षांनी त्याचे तेज आजच्यापेक्षा दहा टक्क्यांनी वाढेल व सागर आटू लागतील. सुमारे ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातील हायड्रोजन संपून सूर्य फुगेल, तांबडा राक्षसी तारा होईल आणि बुध व शुक्र यांना गिळून टाकील. पृथ्वीही बहुधा वाचणार नाही. अखेरीस पृथ्वीएवढ्या आकाराचा श्वेत बटू तारा मागे उरेल.

भाविकांस विनंती

जग बुडणार, अशा वार्ता अधूनमधून पसरतात. डिसेंबर २०१२ मध्ये अशीच हूल उठली होती व ती तारीख सुखरूप निघून गेली. सूर्याच्या अंताची चिंता आपल्या असंख्य पिढ्यांनाही करावयाची नाही. म्हणून प्रलयाची भीती घालून शांतिकर्मासाठी कोणी द्रव्य मागितल्यास ते देऊ नये.

मात्र आज जाणवणारी तापमानवाढ सूर्यामुळे नव्हे, तर मुख्यतः मनुष्याने जाळलेल्या कोळसा व तेलामुळे होत आहे. सूर्याचे आयुष्य आपल्या हाती नाही. ही वाढ रोखणे मात्र आहे. लावलेले एक झाड जगविणे, विजेचा अपव्यय टाळणे, ही कामे प्रत्येकास आपल्या गावी करता येण्याजोगी आहेत. सूर्याला अर्घ्य देताना त्यांचेही स्मरण असावे, ही नम्र विनंती.