पुन्हा एकत्र आलेला बँड ऐकायचाय? म्हैसूरहून निघण्याआधीचा हिशेब

‘गन्स अँड रोझेस’ या बँडचे ॲक्सल रोझ, स्लॅश आणि डफ मॅकेगन हे तिघं भारतात एकाच मंचावर पहिल्यांदा उभे राहिले ते 17 मे 2025 ला, मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर. त्याआधी डिसेंबर 2012 मध्ये ‘गन्स अँड रोझेस’ बंगळूरला येऊन गेला होता. म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये राहणाऱ्या आम्हा लोकांसाठी ते अगदी दारात. पण तेव्हा मंचावर स्लॅश नव्हता. तो 1996 ला बाहेर पडला, पाठोपाठ 1997 ला डफ, आणि दोघं परतले थेट 2016 मध्ये. म्हणजे जो बँड दारात आला तो अर्धा होता आणि जुळलेला बँड आला तो हजार किलोमीटर लांब. ‘नोव्हेंबर रेन’ची कॅसेट घासून घासून ऐकलेल्या माणसाला हा फरक काय असतो, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून खर्चाच्या आधी पहिला प्रश्न हाच: पोस्टरवर नाव कोणाचं आहे ते सोडा, वाजवणार कोण? पुनर्मीलन म्हणजे जुने सगळे परत आले, असं नसतं. 2016 नंतरच्या ‘गन्स अँड रोझेस’मध्ये जुन्यांपैकी इझी स्ट्रॅडलिन नाही, आणि मुंबईत ड्रमवर नुकताच आलेला आयझॅक कार्पेंटर होता. ‘लिंकिन पार्क’ 2024 मध्ये परतला तो एमिली आर्मस्ट्राँग या नव्या गायिकेसह. यात फसवणूक नाही, पण आपण कोणासाठी पैसे मोजतोय हे आयोजकांच्या अधिकृत घोषणेत वाचून घ्यावं.

आता तिकीट. मोठ्या परदेशी बँडचे दर कुठून कुठे जातात, याचा अंदाज जानेवारी 2025 च्या नवी मुंबईतल्या ‘कोल्डप्ले’वरून येतो: सर्वांत स्वस्त 2,500, सर्वांत महाग 35,000. पाचशे रुपयांवरच्या संगीत कार्यक्रमाच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी लागतो. सहा हजारांच्या तिकिटावर हा कर 1,080 रुपये. तो दाखवलेल्या दरात धरलाय की वर लागणार आहे, हे पैसे भरण्याच्या पानावर नीट बघा. त्याच पानावर खाली बुकिंग शुल्क येतं, त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी येतो, आणि कधी कधी देणगीच्या चौकटीत आधीच टिकमार्क असतो. तो काढा. न विचारता बिलात काही घुसवणं आणि सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी ती वाढवणं, या दोन्ही गोष्टी केंद्र सरकारच्या 2023 च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक सूचनांनुसार अनुचित प्रथा आहेत. शेवटच्या बिलाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

श्रेणी कुठली घ्यायची? माझं स्पष्ट मत: मंचाला चिकटून उभं राहण्याच्या महागड्या जागेपेक्षा ध्वनिनियंत्रणाच्या चौथऱ्याजवळची जागा घ्यावी. ध्वनी जुळवणारा माणूस तिथे बसून ऐकत असतो, त्यामुळे गिटार सर्वांत स्वच्छ तिथेच ऐकू येते. मैदानाच्या नकाशात हा चौथरा कुठे आहे ते पाहा आणि त्याच्या पुढच्या बाजूला येणारी श्रेणी निवडा. सर्वांत मागची स्वस्त श्रेणी मात्र घेऊ नका. इतका प्रवास करून पडद्यावरच बघायचं, तर घरचा टीव्ही काय वाईट?

प्रवासाकडे येऊ. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं. 15 मे ला निघायचं असेल तर 16 मार्चला सकाळी तयार राहायला हवं. म्हैसूरहून मुंबईकडे थेट गाड्या आठवड्यातल्या मोजक्याच दिवशी असतात. जवळजवळ एक दिवसाचा प्रवास आणि थर्ड एसीला एका बाजूचे दोन हजारांच्या आसपास. थेट गाडी चुकली तर बंगळूरहून उद्यान एक्स्प्रेस आहेच. विमानाने जायचं तर केएसआरटीसीची फ्लायबस म्हैसूरहून थेट केंपेगौडा विमानतळावर सोडते. पण कार्यक्रम जाहीर झाल्यावर त्या तारखांचे विमानदर आणि लॉजचे दर दोन्ही चढतात.

माझा ढोबळ हिशेब असा: तिकीट करासह सात हजार, रेल्वे चार हजार, एका रात्रीचं साधं लॉज तीन हजार, खाणंपिणं आणि फिरणं दोन हजार. सोळा हजार झाले. विमानाने गेलात तर बावीस ते पंचवीस. म्हणजे तिकीट हा निम्म्याहून कमी खर्च आहे.

बंगळूरला कार्यक्रम असेल तर नऊ-दहा हजारांत भागतं. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना ‘शक्ती’ योजनेत साध्या बसचा प्रवास 11 जून 2023 पासून मोफत आहे. राजहंस किंवा ऐरावत त्यात येत नाही. येताना म्हैसूरच्या चामराजपुरम स्थानकावर थांबणारी रेल्वेगाडी मिळाली तर सरस्वतीपुरमला घर गाठायला सोपं. मोटारसायकलने जाणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावं: बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य रस्त्यावर 1 ऑगस्ट 2023 पासून दुचाकीला बंदी आहे, बाजूच्या सेवा रस्त्यानेच जावं लागतं. उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना एरवी रात्री दहापर्यंतच मुभा असते. त्यामुळे दहाला संपेल असं धरून परतीची बस ठरवा, पण मैदानातून बाहेर पडायला तासभर तरी लागतो. मैदान देवनहळ्ळीच्या बाजूला असेल तर विमानतळावर जाऊन फ्लायबस पकडणं सोयीचं. वेळ मात्र आधी पाहून ठेवा. मुंबईत शनिवारचा कार्यक्रम असेल तर रविवारी लोकलचा मेगाब्लॉक आहे का, तेही बघून ठेवा.

मैदानात अनेकदा रोख चालत नाही, मनगटपट्ट्यात पैसे भरावे लागतात. थोडेच भरा, आणि उरलेले परत मिळण्याची मुदत वाचा. कानात घालायचे बोळे नक्की न्या.

तिकीट संपलं तर? काळ्या बाजारात जाऊ नका. ‘कोल्डप्ले’च्या वेळी पुनर्विक्रीचे भाव लाखांत गेले आणि प्रकरण मुंबई पोलिसांपर्यंत पोहोचलं. अशा तिकिटावर प्रवेश मिळाला नाही तर आयोजक जबाबदार राहत नाही.

कार्यक्रम रद्द झाला तर सहसा तिकिटाचेच पैसे परत येतात, प्रवासाचे नाहीत. म्हणून लॉज रद्द करता येईल असंच घ्या. परताव्याला टाळाटाळ झाली तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर मुंबईला खेटे घालायची गरज नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे आपल्या म्हैसूरमध्येच, दावा दाखल करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्यासाठी शुल्कही नाही.

स्लॅश आणि ॲक्सल शेजारी शेजारी उभे राहणार असतील, तर सोळा हजार रुपये खर्च करावेत, असंच मी सांगेन. घरच्या हप्त्यांना हात न लावता, आतापासून महिन्याला दीड हजार बाजूला टाका. पुढची घोषणा होईल तेव्हा पैसे तयार असतील.