एक मूल, अनेक पात्रे

काही मुले ऑनलाइन गटात मिळून अंतराळयानाची गोष्ट रंगवतात. एकेकाकडे दोन-तीन पात्रे असतात. मग होतं काय, सगळी एकसारखीच बोलू लागतात!

१९६६ साली सुरू झालेली ‘स्टार ट्रेक’ मालिका बघा. स्पॉक तर्काने बोलतो, डॉक्टर मॅकॉय भावनेने; निर्णय कप्तान कर्क घेतो.

म्हणून प्रत्येक पात्राला वहीचे एक पान द्या : काम, स्वभाव, इच्छा आणि त्याला काय माहीत नाही. इंजिन बिघडल्याचे इंजिनिअरला कळले, म्हणून डॉक्टरला आपोआप कळत नाही ना!

आपलीच पात्रे आपसात बोलत राहिली, तर बाकीची मुले गप्प बसतात. म्हणून दुसऱ्याच्या पात्राला प्रश्न विचारायला लावा. दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करणे मूल यातूनच शिकते.