दहा दिवसांचा जपान : एका आखणीचा अभ्यास

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे घरात इंग्रजी कागद आला की तो आपोआप माझ्यापुढे येतो. मग ते बँकेचे पत्र असो वा विजेचे बिल. गेल्या वर्षी मात्र माझ्यापुढे आलेला कागद कोरा होता. माझे थोरले काका एस. टी.त वाहक आहेत. त्यांनी आणि काकूंनी पै-पै साठवून एकदा परदेश पाहायचे ठरवले आणि देश निवडला जपान. रजा दहा दिवसांची. "तू भूगोल घेतलाय ना? मग आखून दे," असे म्हणून काकांनी कागद पुढे केला. ती आखणी करताना मी काय चुकले व काय शिकले, ते प्रस्तुत लेखात मांडत आहे. प्रथमच परदेशी जाणाऱ्या कोणालाही त्याचा उपयोग व्हावा.

माझ्या पहिल्या आराखड्यात टोकियो, हाकोने, कानाझावा, क्योटो, नारा, ओसाका व हिरोशिमा अशी सात ठिकाणे होती, आणि शेवटी परत टोकियो. एवढे सगळे बसवले याचा मला कोण अभिमान! काकांनी तो कागद शांतपणे वाचला आणि म्हणाले, "पोरी, ही सहल कसली, ही तर ड्यूटी झाली. गाडी सुटायची वेळ आहे, पोचायची आहे. पण माणसानं उतरायचं कुठं?" काकू माळकरी. त्या म्हणाल्या, "अगं, दिवेघाट चढून गेल्यावर माउलींची पालखीसुद्धा सासवडला दोन मुक्काम करते." मी कागद परत घेतला.

पहिली चूक दिवस मोजण्यात होती. दहा दिवस म्हणजे घरापासून घरापर्यंत दहा. पहिला दिवस मुंबई गाठण्यात व विमानात जातो. वाटेत विमान बदलावे लागले तर आणखी वेळ लागतो, शिवाय जपानचे घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. म्हणजे दुसरा दिवसही पोचण्यातच संपला असे धरावे. दहावा दिवस परतीचा आणि नववा अर्धा विमानतळाचा. हातात उरले साडेसहा दिवस. त्यांतूनही प्रत्येक शहरबदल अर्धा दिवस खातो. बुलेट ट्रेन टोकियोहून क्योटोला सुमारे सव्वादोन तासांत पोचवते, हे खरे. पण सामान बांधणे, खोली सोडणे, स्टेशन गाठणे आणि दुपारी नवी खोली हाती येईपर्यंत थांबणे, हे वेळापत्रकात छापलेले नसते. माझ्या सात ठिकाणांच्या आराखड्यात तीन-साडेतीन दिवस बॅगा उचलण्यातच गेले असते.

तेव्हा दुसऱ्या आराखड्यात मी मुक्काम दोनच ठेवले. टोकियोत तीन रात्री, क्योटोत चार. बाकीच्या ठिकाणी क्योटोहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे. नारा तासाभराच्या आत, हिरोशिमा पावणेदोन तासांच्या आसपास. अशा फेरीला खांद्यावर एक पिशवी पुरते. दुसरे असे की उतरायचे टोकियोला, पण परतीचे विमान ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून घ्यायचे. त्यामुळे पुन्हा पाचशे किलोमीटर मागे जाणे वाचले.

आता वगळायचे काय? येथे मी नकाशा मिटला आणि दोघांना विचारले, "एकच ठिकाण बघायला मिळालं, तर कोणतं?" काकू म्हणाल्या, नाऱ्याचा बुद्ध. तोदाई-जी मंदिरातील त्या भव्य मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी इ. स. ७५२ मध्ये बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला, हे मी त्यांना सांगितले होते. काका मात्र म्हणाले, "हिरोशिमा." मला वाटले, अणुबॉम्बमुळे. पण कारण निराळे होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब पडला आणि तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, तिथली ट्राम थोड्या अंतरापुरती का होईना, पुन्हा धावू लागली. हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. "त्या गाडीत पहिल्या दिवशी ड्यूटीवर कोण असेल गं?" एवढेच ते बोलले. माझ्या पहिल्या आराखड्यात हिरोशिमाला अवघे दोन तास होते. मला शरम वाटली. हाकोने, कानाझावा आणि ओसाका मी खोडून टाकले. हिरोशिमाला अख्खा दिवस मिळाला.

खर्चाचा हिशेब काकांनीच केला. जपान रेल्वेचा सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ३०,००० येनांवरून ५०,००० येनांवर गेला. आमच्या मार्गावर टोकियो-क्योटो एकेरी आणि क्योटो-हिरोशिमा जाऊन-येऊन अशी सुटी तिकिटे घेतली तर माणशी ३७-३८ हजार येन होतात. 'आवडेल तेथे प्रवास' योजनेचे पास हाताळलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागले नाही. पास कोणाला परवडतो आणि कोणाला नाही, हे त्यांना तोंडपाठ.

खाण्याचीही आखणी लागते. तिथे भाजीच्या रश्शातही पुष्कळदा सुक्या माशाचा अर्क, म्हणजे 'दाशी', असतो. म्हणून 'मासे व मांस नको, दाशीही नको' असे जपानी भाषेत लिहिलेले कार्ड काकूंच्या पर्समध्ये ठेवले आहे. संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात व अनेक मंदिरे पाचच्या सुमारास मिटतात. त्यामुळे मंदिरे सकाळी आणि बाजार संध्याकाळी, असा क्रम लावला. शिवाय काकूंचे गुडघे दुखतात. म्हणून दिवसाला दोनच ठिकाणे, आणि दुपारी विसावा.

पक्का आराखडा असा : दुसऱ्या दिवशी टोकियो, तिसरा दिवस असाकुसा व उएनो, चौथा मेइजी मंदिर व शिबुया, पाचव्या दिवशी क्योटोकडे, सहावा क्योटो, सातवा हिरोशिमा, आठवा नारा, नववा कान्साई विमानतळ.

जपानच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जाला रोजचा कार्यक्रम लिहून जोडावा लागतो. तो मीच लिहिला. नवव्या दिवसाच्या सकाळसमोर काय लिहावे, असे विचारले तेव्हा काका म्हणाले, "तिथं काही लिहू नकोस. गाडी लवकर आली तर कंडक्टरसुद्धा स्टँडावर चहा पितो." मी तिथे लिहिले : क्योटो, मोकळा वेळ.