सौर घरातील वीजमापकाचा आकडा

घरावर सौर पॅनेल बसविल्यावर मुख्य वायरीभोवती कडी अडकवून वीजवापर दाखविणारे साधे मापक काहीजण लावतात. भर दुपारी घरात पंखाही चालू नसतो आणि ते २ किलोवॅट वापर दाखविते. वीज गळते की काय, या शंकेने लगेच वायरिंग बदलण्याचा खर्च करू नये.

अशी कडी फक्त प्रवाह किती, तेवढेच मोजते. तो घरात येतो की बाहेर जातो, हे तिला कळत नाही. त्यामुळे पॅनेलची शिल्लक वीज ग्रीडला जात असली, तरी तीच 'वापर' म्हणून दिसते. पडताळा सोपा आहे. ऊन चांगले असताना १.५ किलोवॅटचा गिझर सुरू करा. आकडा ०.५ वर उतरला, तर ती बाहेर जाणारी वीज समजावी. ३.५ वर चढला, तर वीज खरोखरच आत येत आहे. मग मात्र तंत्रज्ञाला बोलवावे.

दुसरी गफलत दाबाची. हे मापक दाब २३० व्होल्ट धरूनच गुणाकार करते. ५ अँपियरला ते ११५० वॅट दाखविते. दाब १९० व्होल्टवर उतरला असेल, तर खरा वापर फार तर ९५० वॅट असतो. आपल्या खेड्यांत संध्याकाळी हे नवीन नाही. बिलाचा हिशेब नेट मीटरवरूनच करावा. त्यात आलेली व गेलेली युनिट्स वेगवेगळी नोंदलेली असतात.