तंजावरचा माल आणि पूर्ण कंटेनरचे गणित

दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८–१८३२) बहरलेली तंजावरची चित्रकला, तेथील मान डोलावणाऱ्या बाहुल्या आणि जवळच्या स्वामीमलईच्या पंचधातूच्या मूर्ती यांना आज परदेशी ग्राहक आहेत. मात्र कारागिराच्या हाती किती पडते, हे बरेचसे माल कंटेनरमध्ये कसा चढतो यावर ठरते.

संपूर्ण कंटेनर एकाच निर्यातदाराने घेतल्यास भाडे पेटीचे लागते, मालाचे नव्हे. पेटी अर्धी रिकामी राहिली म्हणून भाडे निम्मे होत नाही. याउलट, सामायिक कंटेनरमध्ये घनमीटर किंवा टन, यांपैकी जे अधिक भरेल त्यानुसार आकारणी होते. बाहुली हलकी पण जागा व्यापणारी, म्हणून तिला आकारमानाचा दर लागतो. मूर्ती आटोपशीर पण जड, तिला वजनाचा. वीस फुटी कंटेनरचे अंतर्गत आकारमान सुमारे ३३ घनमीटर असते. एवढ्या बाहुल्या एका खेपेस एकाच ग्राहकाला विकणारा कारागीर विरळाच.

तांदळाची गोष्ट वेगळी आहे. कावेरीच्या खोऱ्यातील हे धान्य वीस फुटी पेटीत सुमारे २५ टन मावते. चाळीस फुटी पेटीत जागा दुप्पट, परंतु वजनाची मर्यादा जवळपास तेवढीच. त्यामुळे जड मालाला छोटी पेटीच परवडते. व्यापारी ती सहज भरतो. कारागिराला ते साधत नाही.

सामायिक पेटीचा खरा तोटा दरपत्रकात दिसत नाही. माल बंदरालगतच्या मालस्थानकात उतरवून इतरांच्या मालाबरोबर पुन्हा भरला जातो. या हाताळणीत चित्रावरील काच तडकते. शिवाय एका निर्यातदाराचे कागदपत्र अपुरे ठरले, तर सर्वांचाच माल अडकतो. मूर्तींच्या बाबतीत ती पुरावस्तू नसल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र लागते, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. पूर्ण कंटेनर मात्र कारखान्याच्या दारातच भरून मोहरबंद करता येतो. २०१७ पासून सीमाशुल्क विभागाने इलेक्ट्रॉनिक मोहरेद्वारे स्वयंमोहरबंदीची पद्धत आणली आहे.

अर्थात, तंजावर समुद्रापासून दूर नसले तरी चेन्नई बंदर रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. तुतिकोरिनही जवळ नाही. रिकामी पेटी बंदराकडून आणावयाची आणि भरून परत न्यावयाची, असा दुहेरी खर्च पूर्ण कंटेनरच्या माथी बसतो. पेटी भरण्यास विलंब झाल्यास तिच्या धारणेचे शुल्क निराळे. समुद्रभाड्यात वाचलेली रक्कम अनेकदा याच रस्त्यावर खर्ची पडते.

कारागिरांनी माल एकत्र करावा, ही सूचना वरवर सोपी भासते. प्रत्यक्षात निरनिराळ्या गावी माल मागविणारे ग्राहक निराळे असतील, तर पेटी भरूनही ती एका दारी पोहोचत नाही. परदेशातील एकच मोठा खरेदीदार बाहुल्या, चित्रे आणि मूर्ती अशी मिश्र मागणी नोंदवीत असेल, तरच अनेक कारागिरांचा माल एका पूर्ण कंटेनरमध्ये जाऊ शकतो. म्हणूनच सहकारी संस्थेने किंवा राज्याच्या हस्तकला महामंडळाने गोदाम उभारण्याआधी असा खरेदीदार शोधणे अधिक निकडीचे आहे. मग गोदामाचे क्षेत्रफळ किती ठेवावे, हे त्याच्या मागणीवरून आपोआप ठरेल.